मनाची तालीम रोजची

जिल्हा पातळीवरच्या कुठल्याही शालेय स्पर्धेला जा, मैदानाच्या कडेला एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘सरावात झकास खेळतो हो, सामन्यात काय होतं कोण जाणे!’ बोलणारे कधी क्रीडाशिक्षक असतात, कधी वडील, कधी गावाहून आलेले काका. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. खेळाडूच्या पाठीवर थाप मारायची आणि सांगायचं, ‘टेन्शन घेऊ नकोस, बिनधास्त खेळ.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या सल्ल्यात करण्याजोगं काहीच नसतं. हात थरथरताहेत, घसा कोरडा पडलाय, अशा वेळी त्या पोरानं नेमकं काय करायचं? ते त्याला कुणी सांगत नाही, कारण आधीच्या सहा महिन्यांत कधी शिकवलेलंच नसतं.

क्रीडामानसशास्त्राचं काम इथून सुरू होतं. हा विषय निघाला की अनेकांना वाटतं, ही मोठ्या संघांची चैन आहे, किंवा मग ‘मनानं कच्च्या’ खेळाडूंसाठीचा इलाज. दोन्ही समज चुकीचे आहेत. मनाची तयारी म्हणजे काही ठरावीक कौशल्यं: श्वास सांभाळणं, लक्ष कुठे लावायचं ते ठरवणं, चुकीनंतर परत खेळात येणं, दडपणाची सवय करून घेणं. ती शिकता येतात, शिकवता येतात, आणि त्यांना खर्च जवळपास काहीच येत नाही. फक्त सामन्याच्या सकाळी जोशपूर्ण भाषण ऐकून ती अंगात येत नाहीत. धावणं, जोर-बैठका, झेल घेणं यांच्याइतकीच ती रोज घोटावी लागतात. हा लेख खेळाडूंसाठी आहे आणि तितकाच त्यांच्या शिक्षकांसाठी व आईवडिलांसाठीही.

छातीत धडधडतं तेव्हा

पोटात गोळा येतो तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं, हे एकदा नीट समजून घ्या. निम्मी भीती तिथेच उतरते. समोर आव्हान दिसलं की अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळतं. हृदय जोरात धावू लागतं. पोटाकडचं आणि त्वचेकडचं रक्त मांड्या-दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात कालवाकालव होते, बोटं गार पडतात. श्वास उथळ आणि भराभर होतो. शरीर झुंजीसाठी तयार होत असल्याच्या या खुणा आहेत. खेळाडू मात्र त्यांचा अर्थ ‘मी घाबरलोय, आज माझं काही खरं नाही’ असा लावतो, आणि मग त्या अर्थाचीच भीती वाटू लागते.

सचिन तेंडुलकर यांनी २०२१ मध्ये एका कार्यक्रमात सांगितलं होतं की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं त्यांना सामन्याआधी प्रचंड अस्वस्थ वाटायचं, रात्री झोप लागायची नाही. पुढे त्यांनी स्वीकारलं की हा आपल्या तयारीचाच भाग आहे. झोप येत नसेल तर ते मन रमवायचे, व्हिडिओ गेम खेळायचे. स्वतः चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवणं ही साधी कामंसुद्धा त्यांना सामन्यासाठी तयार करायची. शंभर आंतरराष्ट्रीय शतकं करणाऱ्या माणसाची धडधड थांबली नव्हती. त्यांनी तिच्याशी भांडणं तेवढं थांबवलं.

तेव्हा धडधड घालवण्याच्या मागे लागू नका. ती आपल्या खेळाला हवी तेवढी राखायला शिका. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक सूत्र पुढे आलं, ते पुढे माणसांच्या कामगिरीलाही लावलं गेलं: उत्तेजना फारच कमी असेल तर काम ढिलं होतं, फार वाढली तर बिघडतं, आणि काम जितकं नाजूक तितकी कमी उत्तेजना त्याला मानवते. हे सूत्र सगळीकडे तंतोतंत बसतं असं नाही, पण मैदानावर त्याचा उपयोग होतो. कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानाला शड्डू ठोकून, अंग तापवून जी धग लागते, तीच धग नेमबाजाचा नेम हलवेल. एकाच संघातसुद्धा एकाला सामन्याआधी गप्पागोष्टी हव्या असतात, दुसऱ्याला कोपऱ्यात एकटं बसायचं असतं. सगळ्यांना एकत्र उभं करून एकच गर्जना करायला लावणारे प्रशिक्षक हा फरक विसरतात.

आपली पातळी कोणती हे शोधायचं असेल तर वही घ्या. प्रत्येक सामन्याआधी एक ते दहामध्ये धडधडीला आकडा द्या आणि सामन्यानंतर खेळ कसा झाला ते पुढे लिहा. आठ-दहा सामन्यांत चित्र स्पष्ट होतं. कुणाचा खेळ चारवर खुलतो, कुणाचा सातवर. मग वॉर्म-अप त्याप्रमाणे बदलता येतो: आकडा खाली असेल तर छोट्या वेगवान धावा, दोरीच्या उड्या, वर असेल तर संथ चालणं आणि लांब उच्छ्वास.

श्वास, आणि कांबळवाडीचा नेमबाज

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीचं केंद्र शातोरू इथे होतं. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे उभे होते. या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा असतो. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते ५० मीटर लांब. पात्रता फेरीत ५९० गुणांसह ते सातवे होते. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावे, पालथ्या टप्प्यानंतर पाचवे. उभ्या स्थितीत रायफल सगळ्यात जास्त डुलते. नेमक्या त्याच टप्प्यात ते वर सरकले आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

सामन्यानंतर कुसाळे काय म्हणाले ते प्रत्येक खेळाडूनं लक्षात ठेवावं. सकाळी काही खाल्लं गेलं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता. हृदयाचे ठोके रोजच्यापेक्षा वेगळे होते. गुणफलकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळं काही करून बघायचा प्रयत्न केला नाही. चमत्कार वाटावा असं यात काही नाही. २००९ पासून, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाल्यापासून, पंधरा वर्षं जे घोटलं, तेच त्यांनी त्या दिवशी केलं.

श्वासाचा सराव आपण कसा करायचा? पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत घ्या. छातीऐवजी पोट फुगायला हवं. मग सहा आकडे मोजत सावकाश बाहेर सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड उतरते. पहिले पंधरा दिवस हे झोपण्यापूर्वी पाच मिनिटं करा. एवढ्यावर थांबलात तर मात्र उपयोग होणार नाही. घरात शांतपणे जमलेला श्वास मैदानावर दगा देतो, कारण तिथे दम लागलेला असतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून तो धापेत आणा. शटल रन संपवा, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून वाकण्याऐवजी ताठ उभं राहून तीन लांब उच्छ्वास सोडा, मग लगेच नेमकेपणाची एखादी गोष्ट करा: फ्री थ्रो, सर्व्हिस, स्टंपवर थ्रो. दमलेल्या अंगाला तीन श्वासांत सावरायची ही सवयच सामन्यात कामाला येते.

तीस सेकंदांची चढाई

श्वासानंतर महत्त्वाचा असतो क्रम. कृतीच्या आधी दर वेळी तेच, तसंच आणि तेवढ्याच वेळात करायचं. टेनिसपटू राफेल नदाल पाण्याच्या बाटल्या ठरावीक जागी, ठरावीक दिशेनं ठेवायचा हे सगळ्यांनी पाहिलंय. त्याला अंधश्रद्धा म्हणून हसू नका. मन भरकटू पाहतं तेव्हा त्याला हातात धरायला काहीतरी लागतं, आणि क्रम ते पुरवतो.

कबड्डीतल्या चढाईपटूचं बघा. संघाच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, तिसरी याची आहे. गुण आणला नाही तर हाच बाद. हातात तीस सेकंद. प्रेक्षकांत गावचे लोक, बाकावरून चार जण चार दिशांनी ओरडताहेत. याच्या डोक्यात काय चाललेलं असतं? ‘गेलो तर सगळे काय म्हणतील.’ आता त्याला क्रम द्या. मध्यरेषेपाशी आला की उजव्या हातानं जमिनीला स्पर्श आणि एक लांब उच्छ्वास, हे अंगासाठी. मग डाव्या कोपरारक्षकाच्या पायांकडे नजर. हे डोळ्यांसाठी, कारण हात फसवतात पण पाय उचलल्याशिवाय कुणी झेपावू शकत नाही. मग मनात एकच शब्द, समजा ‘पाय’ किंवा ‘टच’, हे डोक्यासाठी. आणि ‘कबड्डी’ म्हणत आत. सगळं मिळून चार-पाच सेकंद. पण त्या चार-पाच सेकंदांत प्रेक्षक, गुणफलक आणि मागची रिकामी गेलेली चढाई या तिन्हींना डोक्यात जागा उरत नाही.

क्रम प्रत्येकानं आपला बनवायचा, पण अंग, नजर आणि शब्द ही तिन्ही त्यात हवीत. लांब चालणाऱ्या खेळांत, म्हणजे क्रिकेट, बुद्धिबळ, तिरंदाजी, यात आणखी एक गोष्ट लागते: सैल सोडणं. अख्खा दिवस एकाग्र राहणं माणसाला शक्य नाही, आणि तसा प्रयत्न करणारा फलंदाज चहापानाआधीच थकतो. चेंडू खेळून झाला की स्क्वेअर लेगकडे दोन पावलं चाला, आकाशाकडे बघा, जोडीदाराशी काहीही बोला. गोलंदाज धाव घ्यायला वळला की गार्ड, बॅटची टकटक, आणि लक्ष परत चेंडूवर.

शब्दाबद्दल एक सूचना. तो तुमच्या तोंडचा असू द्या. ज्या बोलीत तुम्ही मित्राला हाक मारता, त्या बोलीतला. आणि तो काय करायचं ते सांगणारा असू द्या. ‘नो-बॉल टाकू नको’ असं स्वतःला बजावलं की डोळ्यांपुढे नो-बॉलच येतो. ‘टाच मागे’ म्हटलं की पाय जागेवर पडतो. नेमकेपणाच्या कामात असा सूचना देणारा शब्द लागतो. ताकद आणि दम लागतो तिथे, शेवटच्या दोनशे मीटरला, ‘हाण’, ‘चल’ असे जोर देणारे शब्द अधिक कामी येतात.

बाहेरून ओरडणाऱ्यांसाठी

इथे प्रशिक्षकांशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. सामना रंगात आला की अनेक जण बाहेरून तंत्र शिकवू लागतात: ‘कोपर वर घे’, ‘मनगट सैल सोड’, ‘पाय क्रॉस करू नको’. यानं खेळ सुधारत नाही, बिघडतो, आणि त्याचं कारण अभ्यासलं गेलं आहे. अनेक वर्षांच्या सरावानं एखादी हालचाल विचार न करता होऊ लागते. दडपणाखाली खेळाडू तिच्यावर पुन्हा जाणीवपूर्वक पहारा ठेवू लागला की तिचे तुकडे पडतात. रिच मास्टर्स या संशोधकानं १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे: ज्यांनी नियम पाठ करून पटिंग शिकलं होतं, त्यांचा हात दडपणाखाली अडखळला, नियम न शिकता ज्यांच्या हातात ते आपसूक बसलं होतं, त्यांचा तसा अडखळला नाही. गाब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातूनही पुन्हा पुन्हा दिसलंय की लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर कामगिरी सुधारते. बास्केटबॉलमध्ये ‘मनगट वाकव’ म्हणण्यापेक्षा ‘रिंगच्या मागच्या कडेवरून टाक’ म्हणा. लांब उडीत ‘गुडघा उचल’ऐवजी ‘त्या झेंड्याकडे झेप’ म्हणा.

तंत्र सोमवार ते शुक्रवार शिकवा. सामन्यातल्या अर्ध्या मिनिटाच्या टाइम-आउटमध्ये एकच गोष्ट सांगा, आणि ती बाहेरची, दिसणारी, करता येण्याजोगी असू द्या. अनुभवी प्रशिक्षक टाइम-आउटमध्ये आधी पाणी देतात, दोन श्वास जाऊ देतात आणि मग बोलतात, ते याचसाठी.

सरावात दडपण आणा

सरावात चमकणारा खेळाडू सामन्यात का ढेपाळतो, याचं एक साधं उत्तर असं की सराव आणि सामना यांत काहीच साम्य नसतं. सरावात शंभर सर्व्हिस मारल्या आणि वीस बाहेर गेल्या तरी बिघडत नाही. सामन्यात ती एकच सर्व्हिस असते. म्हणून दडपणाची थोडी थोडी मात्रा सरावातच द्यायला हवी.

मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या चेन्नई कसोटीआधी सचिन तेंडुलकर यांनी काय केलं ते आठवा. शेन वॉर्न राउंड द विकेट येऊन लेगस्टंपबाहेरच्या खडबडीत भागात चेंडू टाकणार, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी लेगस्टंपबाहेरची खेळपट्टी मुद्दाम खरवडली आणि माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना त्या जागी गोलंदाजी करायला लावली. पहिल्या डावात वॉर्ननं त्यांना चारवर बाद केलं. दुसऱ्या डावात त्यांनी नाबाद १५५ काढल्या. वॉर्नची जी चाल इतरांना कोड्यात टाकत होती, ती यांच्या ओळखीची झालेली होती.

शाळेच्या मैदानावरही हे करता येतं. सरावाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, एका खेळाडूला एकच पेनल्टी मारायला द्या. बाकीचे सगळे रेषेवर उभे राहून आरडाओरडा करतील. खो-खोच्या सरावात पंचाला गुपचूप सांगून ठेवा की एकदा चुकीचा फाउल द्यायचा, आणि मग बघा, कोण वाद घालत बसतो आणि कोण लगेच पुढचा खो द्यायला सज्ज होतो. सामन्याचाच गणवेश घालून, सामन्याच्याच वेळी, भर दुपारी सराव घ्या. मॅटवर सामना असेल आणि तुमच्याकडे मातीच असेल तर निदान दोन दिवस आधी पोहोचून त्या मॅटवर पाय लावू द्या. पण एक मर्यादा कटाक्षानं पाळा. दडपण म्हणजे अपमान नव्हे. चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या की तो दडपण पेलायला शिकत नाही. चेंडू आपल्याकडे येऊ नये एवढंच मनोमन म्हणू लागतो.

डोळे मिटून खेळणं

मनात चित्र रंगवण्याच्या सरावाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. गळ्यात पदक, हार-तुरे, गावात मिरवणूक हे डोळ्यांपुढे आणलं की बरं वाटतं, पण त्यानं खेळ सुधारत नाही. चित्र कृतीचं हवं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांतून दिसावं, प्रेक्षक म्हणून गॅलरीतून नव्हे. वेळ खरी लागावी: शंभर मीटरची धाव बारा सेकंदांची असेल तर मनातही बाराच सेकंद. हातातल्या भाल्याची खरखर, ट्रॅकचा वास, स्टार्टरचा आवाज, सगळं त्यात असू द्या. नेमबाज घरी गोळीशिवाय रायफल धरून तासन् तास ड्राय फायरिंग करतात, त्यात शरीर आणि कल्पना दोन्ही एकत्र येतात. ज्यांना डोळे मिटून काही दिसत नाही, त्यांनीही बॅट हातात घेऊन, उभं राहून, हालचालीसकट करून बघावं. रोज पाच मिनिटं पुरेत.

आणि चित्रात बिघाडही हवा. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. शेवटी त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यानं हातांचे फटकारे मोजले, भिंत कधी येणार ते त्यावरून ओळखलं, आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून वर्षानुवर्षं मनातल्या मनात शर्यती पोहून घेत, बिघडलेल्या शर्यतीसुद्धा. तुम्हीही करून बघा: पहिली उडी फाउल गेली, बुटाची लेस तुटली, पंचानं चुकीचा निर्णय दिला. कुठलंही चित्र तिथेच सोडू नका. पुढे आपण काय करतो, ते शेवटपर्यंत बघा.

सामन्यात प्रत्यक्ष चूक झाली की ‘विसरून जा’ म्हणतात. विसरणं कुणाच्या हातात नसतं, पण हात-पाय आपल्या हातात असतात. बॅडमिंटनपटू रॅकेटच्या तारा सारख्या करतो, यष्टिरक्षक ग्लोव्हजचा पट्टा सोडून पुन्हा लावतो. अशी एखादी छोटी कृती ठरवा. तिच्यासोबत एक उच्छ्वास, मग पुढच्या चेंडूचा शब्द. रागाला, हळहळीला एवढाच वेळ. चुकीचं विश्लेषण संध्याकाळी वहीत करायचं: आज काय जमलं, काय नाही, उद्याच्या सरावात कशावर काम करायचं. जमलेलं आधी लिहा. मराठी घरांत ते लिहायची, बोलायची सवय कमी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

घरी परतताना

पालकांनो, तुमचं सगळ्यात मोठं काम सामना संपल्यावर सुरू होतं. हरलेल्या मुलाला मोटरसायकलवर मागे बसवून घरी नेईपर्यंत जे प्रश्न विचारले जातात, त्यांनी अनेकांचा खेळ सुटलाय. ‘तो शॉट का मारलास?’, ‘त्या अमक्याचा मुलगा बघ’, ‘एवढा खर्च करतोय’. पहिला तासभर खेळाबद्दल बोलूच नका. आधी खायला घाला. त्याला बोलावंसं वाटलं तर ऐका. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘मजा आली का? नवीन काय जमलं?’ दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी मुलाला स्पर्धेत उतरवत असाल, तर त्या गुणांचा हिशेब त्याच्यासमोर रोज मांडू नका. तो चढाईला गेला तरी डोक्यात टक्केवारीच घेऊन जातो.

आई-वडिलांची साथ काय करू शकते हे ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत दिसलं. डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ काढल्या. नंतर पत्रकारांशी बोलताना तिनं डोळे पुसत सांगितलं की स्पर्धेच्या सुरुवातीला ती खूप अस्वस्थ असायची, आईला फोन करून रडायची, मग एका सामन्यासाठी संघातूनही वगळलं गेलं. घरच्यांनी आणि संघातल्या मैत्रिणींनी तिला सांभाळलं, आणि मदत मागायला हरकत नाही, हेही तिनं ठामपणे सांगितलं. देशाच्या संघातली खेळाडू कॅमेऱ्यासमोर हे बोलते, याचं मोल मला त्या शतकाइतकंच वाटतं.

तज्ज्ञ कधी गाठायचा

वर सांगितलेलं बरंच काही शिक्षक आणि खेळाडू मिळून करू शकतात. तालुक्याच्या गावात क्रीडामानसशास्त्रज्ञ नसतो, म्हणून अडून राहायचं कारण नाही. पण काही खुणा दिसल्या की घरगुती उपाय थांबवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, आवडता खेळ नकोसा झालाय, मित्र टाळले जाताहेत, वजन उतरवण्यासाठी पैलवान उपाशी राहून धोक्याचे प्रकार करतोय, मोठ्या दुखापतीनंतर पोर खोलीबाहेर येत नाही, किंवा जगण्यालाच कंटाळल्याचं बोलतोय. दुखापत झालेल्या खेळाडूला तर मैदानापासून तोडूच नका. गुण लिहायला, नवख्यांना शिकवायला रोज बोलवा.

जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं जुलै २०२१ मध्ये टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, हवेत तिचं भान सुटलं आणि दीडच झाली. त्या उंचीवरून मानेवर पडलं की काय होतं हे जिम्नॅस्टला ठाऊक असतं. ती थांबली, उपचार घेतले, आणि पॅरिसमध्ये तीन सुवर्ण व एक रौप्य घेऊन परतली. गुडघ्याची दुखापत घेऊन कुणी खेळत राहावं असं आपण म्हणत नाही. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय लावा.

तज्ज्ञ निवडताना चौकशी करा. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण आहे का, खेळाडूंबरोबर काम केलंय का, मुलाशी झालेलं बोलणं गुप्त ठेवतात का, मैदानावर येऊन सराव बघायची तयारी आहे का. एका व्याख्यानात ‘चॅम्पियन’ बनवण्याची हमी देणाऱ्यापासून लांब राहा. गुण दिसायला महिने लागतात, म्हणून जिल्हास्तर स्पर्धा तोंडावर आल्यावर फोन करण्यापेक्षा शाळा सुरू होतानाच गाठा. आणि तातडीची गरज असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत आणि तालमीच्या भिंतीवर, पोरं रोज जिथे बूट काढतात त्या जागी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.